नायगावचा मोर आणि मुंबईची मोटार

मृग नक्षत्र लागले की बालाघाटच्या डोंगररांगेवरील खुरट्या झाडीत हिरवाईची पहिली लव उमटते आणि त्याच सुमारास पाटोदा तालुक्यातील नायगावच्या परिसरात मोरांच्या केका घुमू लागतात. वर्षातील आठ महिने उजाड दिसणारा हा माळ मग तीन-चार महिन्यांपुरता वेगळेच रूप धारण करतो. नेमक्या याच दिवसांत मुंबई-पुण्याचा पर्यटक मात्र लोणावळ्याच्या घाटात वाहनांच्या रांगेत अडकलेला असतो आणि वाघ पाहण्याची हौस असलेला ताडोब्याचे दरवाजे ऑक्टोबरमध्ये उघडण्याची वाट पाहत असतो. मोटारीने एका दिवसात गाठता येईल अशा अंतरावर बीड जिल्ह्यात राष्ट्रीय पक्ष्यासाठी राखलेले अभयारण्य आहे, याची त्याला बहुधा गंधवार्ताही नसते.

ही अनभिज्ञता फार काळ टिकेल असे दिसत नाही. गेल्या काही वर्षांत मराठवाड्याच्या या भागातील रस्ते सुधारले. १९९५मध्ये मंजूर झालेला आणि तीन दशके रखडलेला अहिल्यानगर-बीड-परळी लोहमार्ग सप्टेंबर २०२२मध्ये आष्टीपर्यंत आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडपर्यंत पोहोचला. शहरी पर्यटकही नेहमीच्या गर्दीच्या ठिकाणांना कंटाळून नव्या वाटा शोधू लागला आहे. अशा वेळी नायगावचे काय करायचे, हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणारच आहे. पर्यटकांचे लोंढे सुरू झाल्यावर नियम करावयाचे की त्याआधीच या अभयारण्याची प्रकृती ओळखून पर्यटनाचा आराखडा ठरवायचा, एवढाच काय तो पर्याय उरतो.

शहराजवळचे अरण्य

मुंबईच्या नागरिकाला वन्यजीव दर्शनासाठी फार दूर जावे लागत नाही, ही तशी भाग्याची गोष्ट. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून अधिक विस्ताराचे आहे आणि बिबट्याचा वावर असलेले एवढे मोठे अरण्य महानगराच्या पोटात असण्याचे उदाहरण जगात विरळाच. तेथील जाळीबंद बसमधून बंदिस्त आवारातील सिंह-वाघ पाहणे हीच अनेक मुंबईकर मुलांची आयुष्यातील पहिली सफारी असते. पनवेलजवळचे कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८पासून आहे. मुरूडजवळचे फणसाड, शेकरूसाठी राखलेले भीमाशंकर, ठाणे जिल्ह्यातील तानसा ही सारी ठिकाणे दोन ते पाच तासांच्या अंतरात येतात.

तथापि ही सारी सह्याद्रीची, दाट झाडीची आणि भरपूर पावसाची अरण्ये. त्यांत प्राणी असतात. पण दिसतात क्वचित. सफारी या शब्दाने शहरी मनात जे चित्र उभे राहते, ते उघड्या माळाचे, दूरवर चरणाऱ्या कळपांचे आणि उघड्या वाहनातून दिसणाऱ्या श्वापदांचे असते. महाराष्ट्रात असे दृश्य सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात सापडते. शिरूर, दौंड, बारामती, इंदापूरपासून कर्जत, श्रीगोंदा, जामखेड, आष्टी, पाटोद्यापर्यंत पसरलेला हा कोरडा पट्टा काळवीट, चिंकारा, लांडगा, तरस, खोकड आणि मोर यांचे घर आहे. सरकारी दप्तरात त्यातील बराच भाग दीर्घकाळ 'पडीक' म्हणून नोंदला गेला. गवताळ माळ हे निकृष्ट झालेले जंगल नसून ती स्वतंत्र आणि समृद्ध परिसंस्था आहे, हे मान्य होण्यास फार काळ लागला.

पुणे वनविभागाने बारामती तालुक्यातील शिर्सुफळ व इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, ती याच बदललेल्या दृष्टीचे फळ होय. वाघ नसला तरी माणसे माळ पाहावयास येतात, पैसे मोजतात आणि स्थानिक मार्गदर्शकाच्या सांगण्यानुसार शांत बसून लांडग्याची वाट पाहतात, हे त्यातून दिसून आले. नायगाव याच पट्ट्याच्या पूर्वेकडे आहे.

तीस चौरस किलोमीटरचा आसरा

नायगाव मयूर अभयारण्याची घोषणा १९९४ची. त्याचे क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. बीड जिल्ह्याचा विस्तार १०,६९३ चौरस किलोमीटर आहे, हे ध्यानात घेतले तर अभयारण्याचा वाटा शेकडा ०.३ इतकाही भरत नाही. राज्यातील सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत बीडची गणना होते. वार्षिक पर्जन्यमान साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तेही बेभरवशाचे. बाभूळ, बोर, हिवर, खैर आणि सीताफळ ही येथली ओळखीची झाडे. बीडच्या सीताफळाला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच डोंगरउतारांच्या जोरावर.

मोराला दाट अरण्य लागत नाही. रात्री बसण्यासाठी उंच झाडे, दिवसा दडण्यासाठी झुडपे, पिण्यास पाणी आणि चरण्यास मोकळी जमीन एवढे मिळाले की तो रमतो. ही मोकळी जमीन म्हणजे बहुतेकदा शेतकऱ्याचे शिवार. अभयारण्याची हद्द कागदावर स्पष्ट असली तरी मोराला ती ठाऊक नसते. पहाटे आणि तिसऱ्या प्रहरानंतर तो शिवारात उतरतो, पेरलेले बी उकरतो, भुईमुगाच्या शेंगा वेचतो आणि त्याबरोबरच किडे, सरडे व लहान सापही टिपतो. थोडक्यात, नायगावचा मोर सरकारी जमिनीवर मुक्कामाला असतो आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या पंगतीला जेवतो. येथील पर्यटनाचा विचार या वास्तवापासूनच सुरू व्हावयास हवा.

मोर १९६३मध्ये राष्ट्रीय पक्षी म्हणून घोषित झाला आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंक्तीत स्थान मिळाले. परंतु त्याही आधीपासून त्याला लोकश्रद्धेचे संरक्षण होते. कार्तिकेयाचे वाहन म्हणून, सरस्वतीचा सहचर म्हणून आणि गोदाकाठच्या पैठणीच्या पदरावरील वेलबुट्टीतील मानकरी म्हणून मराठी मनाने त्याला जपले. पेरणीच्या दिवसांत नुकसान सोसूनही शेतकरी मोरावर सहसा हात उगारत नाही, यामागे कायद्याच्या धाकापेक्षा या श्रद्धेचा भाग अधिक आहे. मात्र श्रद्धेलाही मर्यादा असतात. एका दुबार पेरणीचा खर्च संसाराची घडी विसकटून टाकतो अशा भागात शेतकऱ्याच्या सोशिकतेवर किती काळ विसंबून राहायचे, याचा विचार व्हावयास हवा. रानडुक्कर, हरीण, रोही आदींनी केलेल्या पीकहानीसाठी भरपाईची शासकीय तरतूद आहे. परंतु पाच-दहा मोरांनी सकाळच्या तासाभरात उकरून टाकलेल्या बियाण्याचे मोल पंचनाम्यात मांडणे सोपे नाही. त्यातच कीटकनाशक चोळलेले बियाणे खाल्ल्याने पक्षी दगावण्याचा धोका असतो. त्यात शेतकऱ्याचा हेतू वाईट नसतो, तरी परिणाम टळत नाही.

उलट्या ऋतूचे गणित

महाराष्ट्रातील वन्यजीव पर्यटनाचे वेळापत्रक वाघाने ठरवले आहे. ऑक्टोबर ते जून हा हंगाम. जुलै ते सप्टेंबर या काळात व्याघ्रप्रकल्पांचे गाभा क्षेत्र बंद. एप्रिल-मेच्या उन्हात पाणवठ्यावर वाघ हमखास दिसतो, म्हणून तेव्हा गर्दी सर्वाधिक. नायगावला हे वेळापत्रक जसेच्या तसे लावले तर फसगत ठरलेली आहे.

मोराचा पिसारा वर्षभर नसतो. पावसाळ्याच्या तोंडाशी तो पूर्ण वाढलेला असतो. लांडोरीला रिझवण्यासाठी पिसारा फुलवून नाचणे हे याच काळातील. विणीचा हंगाम सरत आला की ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास पिसे गळू लागतात. साहजिकच दिवाळीच्या सुटीत मोठ्या अपेक्षेने येणाऱ्या कुटुंबाला मोर दिसेल, पण पिसाऱ्याविना. मुंबईहून पावणेचारशे-चारशे किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या पर्यटकाच्या पदरी निराशा येईल आणि दोष मात्र अभयारण्याला दिला जाईल. मोराचा खरा हंगाम जून ते ऑगस्ट हा आहे. वाघांच्या जंगलाचे दरवाजे बंद होतात तेव्हाच मोरांचा रंगमंच उघडतो.

या उलट्या ऋतूला आणखी एक पदर आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळी आटोपली की पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतील वाड्यावस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची 'कोयती' पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. घरी उरतात ती म्हातारी माणसे आणि काही मुले. हंगाम संपवून माणसे परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे वाघांच्या जंगलात पर्यटनाचा बहर असतो, त्या काळात नायगाव परिसरातील धडधाकट हात गावातच नसतात. येथे हिवाळी पर्यटन उभे केले तर त्याचा लाभ घ्यायला गावकरी कोठून आणायचे? तो लाभ बाहेरून आलेल्या व्यावसायिकाच्याच पदरी पडेल.

याउलट जून ते सप्टेंबर या काळात माणसे गावी असतात. खरिपाची कामे असतात हे खरे; परंतु उसाच्या पैशातून काही शिल्लक राहिलेली नसते आणि नवी उचल घ्यावयाची असते ती याच काळात. या चार महिन्यांत गावातील काही कुटुंबांना मार्गदर्शक म्हणून, न्याहारी-जेवण पुरवणारे म्हणून किंवा मुक्कामाची सोय करणारे म्हणून थोडीफार रोकड हाती आली तर घ्यावयाच्या उचलीचा आकडा तेवढा कमी होऊ शकेल. सफारीने ऊसतोडीचे स्थलांतर थांबेल, असा भाबडा दावा कोणी करू नये. तीस चौरस किलोमीटरचे अभयारण्य लाखो मजुरांचा प्रश्न सोडवू शकत नाही. मात्र आठ-दहा गावांतील काही घरांना त्याचा आधार होऊ शकतो आणि त्या घरांना मोर हा पेरणीतील उपद्रव न वाटता मिळकतीचे साधन वाटू लागतो. संवर्धनाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

चिंचोलीचा धडा

मोरासाठी पर्यटक येतात का, या प्रश्नाचे उत्तर पुणे जिल्ह्याने कधीच दिले आहे. शिरूर तालुक्यातील 'मोराची चिंचोली' हे गाव पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर. तेथे अभयारण्य नाही. चिंचेची झाडे, शेते आणि त्यात वावरणारे मोर एवढ्याच भांडवलावर तेथील शेतकऱ्यांनी कृषी पर्यटन उभे केले. सकाळी मोर पाहायचे, दुपारी पिठले-भाकरी किंवा मासवडीचे जेवण करायचे, बैलगाडीतून फिरायचे आणि संध्याकाळी परतायचे, असा तेथील साधा कार्यक्रम. राज्य शासनाने २०२०मध्ये कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले, त्याआधीच चिंचोलीचे नाव शहरी कुटुंबांच्या तोंडी झाले होते.

चिंचोलीच्या यशाचे मर्म मालकीत आहे. मोर शेतात येतो, शेत शेतकऱ्याचे, पाहुणा त्याच्या अंगणात उतरतो आणि पैसाही त्याच अंगणात राहतो. नायगावची स्थिती निराळी आहे. तेथील जमीन वनविभागाची. प्रवेशास परवानगी वनविभागाची. नियमभंगाचा दंड आकारणाराही वनविभागच. गावकरी या व्यवस्थेबाहेर उभा. अभयारण्याच्या दरवाजावर शुल्क घेऊन पर्यटकाला आत सोडायचे आणि गावकऱ्याच्या वाट्याला धूळ व चराईबंदी तेवढी ठेवायची, असा व्यवहार झाला तर तो अन्यायाचा तर ठरेलच, शिवाय मोरालाही तो महागात पडेल.

हा इशारा पोकळ नाही. शेजारच्याच भागात याचा अनुभव घेऊन झाला आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेते, बाजारपेठा सारेच आले. जमिनीच्या व्यवहारांपासून विकासकामांपर्यंत अडचणी येऊ लागल्या आणि माळढोक हा पक्षी लोकांच्या लेखी अडवणुकीचे दुसरे नाव ठरला. पुढे अभयारण्याचे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणावे लागले. पक्षी मात्र हाती राहिला नाही. त्याच पट्ट्यातील कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८०चे आणि अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. परंतु आटोपशीर क्षेत्रामुळे ते राखणे तुलनेने सुकर झाले. क्षेत्र किती मोठे, यापेक्षा भोवतालची माणसे कोणाच्या बाजूने उभी आहेत, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

बातमीतले बीड, माळावरचे बीड

बीडमधील वन्यजीवांची बातमी राज्याबाहेर गेली, ती बहुधा चुकीच्या कारणासाठी. डिसेंबर २०२१मध्ये माजलगाव तालुक्यातील लवूळ गावी वानरे कुत्र्यांची पिले उचलून झाडांवर व घरांच्या छपरांवर नेत असल्याचे वृत्त जगभर पसरले. वानरांनी सूड उगवण्यासाठी अडीचशे पिले मारली, असा मथळा परदेशी वृत्तपत्रांनीही छापला. आकडा अतिरंजित असल्याचे नंतर सांगितले गेले. उंचावर नेलेली पिले भुकेने किंवा पडून मरत असावीत, असे स्पष्टीकरणही पुढे आले. नागपूरच्या पथकाने दोन वानरे पकडली आणि विषय मिटला. सूडकथेची गोडी साऱ्या जगाला लागली. लवूळकरांच्या भीतीची विचारपूस फारशी कोणी केली नाही.

त्याआधीचे वर्ष अधिक गंभीर होते. नोव्हेंबर २०२०च्या अखेरच्या आठवड्यात आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. त्यांत एक लहान मुलगाही होता. ऐन रब्बीच्या हंगामात रात्री पाणी देण्यासाठी शेतात जाणे लोकांनी बंद केले. पुढे करमाळा तालुक्यातही बळी गेले आणि १८ डिसेंबर २०२० रोजी तेथे बिबट्याला गोळी घालून ठार करण्यात आले. त्यानंतर महिनाभरातच, जानेवारी २०२१मध्ये, पाटोदा तालुक्यातील मुगगाव येथे मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा संसर्ग आढळला. मोरांचे अभयारण्य त्याच तालुक्यातले असल्याने ही बाब विशेष चिंतेची होती. मार्च २०२५मध्ये शिरूर कासार तालुक्यात वन्यप्राण्यांच्या शिकारीच्या आरोपांचे प्रकरण गाजले. डिसेंबर २०२४मधील मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर तर जिल्ह्याचे नाव निघताच गुन्हेगारीची चर्चा होऊ लागली.

या साऱ्या घटनांचा एकत्रित परिणाम असा की, बीडला फिरायला जावे, ही कल्पनाच शहरी कुटुंबाला सुचत नाही. पर्यटन वाढवण्याचा विचार करताना हे वास्तव झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याचबरोबर त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखीही आहे. या पट्ट्यात बिबट्याचे आकर्षण दाखवून पर्यटक बोलावण्याचा मोह टाळावयास हवा. जो प्राणी पाहुण्याला रोमांचक वाटतो, त्याच्याच भीतीने आष्टीचा शेतकरी रात्र जागून काढतो. मोराच्या बाबतीत हा विसंवाद बराच कमी आहे. तो कोणाचा जीव घेत नाही. त्याने केलेले नुकसान मोजता आणि भरून देता येण्याजोगे आहे. नायगावने आपली ओळख मोरापुरती ठेवली तर ते शहाणपणाचे ठरेल.

रस्ता कोणता, मर्यादा कोणती

मुंबईहून निघणाऱ्या मोटारीने द्रुतगती मार्गाने पुणे, तेथून अहिल्यानगर आणि पुढे कडा, आष्टी, जामखेड या मार्गाने पाटोदा गाठावे, हा सरळ रस्ता. विश्रांती धरून हा दिवसभराचा प्रवास होतो. त्यामुळे सकाळी निघून रात्री परत ही कल्पना व्यवहार्य नाही. जामखेड सोडले की विंचरणा नदीवरील सौताड्याचा धबधबा लागतो; पावसाळ्यात तेथे दरीत कोसळणारे पाणी पाहण्यास गर्दी असते. पुढे मांजरसुंब्याजवळ कपिलधार हे मन्मथस्वामींच्या समाधीचे क्षेत्र आणि तेथील धबधबा. आणखी पूर्वेला अंबाजोगाई आणि परळी वैजनाथ. परळीच्या ज्योतिर्लिंगाला जाणारे हजारो भाविक याच जिल्ह्यातून जातात. वाट वाकडी करून मोर पाहण्यास थांबावे, असे कोणी त्यांना सुचवत नाही इतकेच. रेल्वेने येणाऱ्यांसाठी पाटोदा तालुक्यातीलच अमळनेर हे स्थानक आता नकाशावर आले आहे.

म्हणजे सोय होऊ घातली आहे. आता प्रश्न आहे तो मर्यादेचा. पावसाळा हा मोराच्या नाचाचा काळ, तसाच तो अंडी घालण्याचाही काळ. लांडोर झुडपाच्या आडोशाला जमिनीवरच उथळ खळग्यात अंडी घालते आणि सुमारे चार आठवडे उबवते. वाट सोडून झुडपांत शिरणारा उत्साही छायाचित्रकार, नाचणाऱ्या मोरावर घिरट्या घालणारा ड्रोन, भ्रमणध्वनीवर केका वाजवून मोराला चकवण्याचा खेळ, दाणे टाकून त्याला जवळ बोलावण्याची हौस यांपैकी कोणतीही गोष्ट एखादे घरटे उद्ध्वस्त करण्यास पुरेशी आहे. गळालेले पीस आठवण म्हणून उचलणे अनेकांना निरुपद्रवी वाटते. गळालेल्या पिसांना देशांतर्गत व्यवहारात कायद्याने सवलत असली तरी अभयारण्यातून काहीही बाहेर नेता येत नाही, हे दरवाजावरच सांगितले गेले पाहिजे.

उन्हाळ्याचा मोह तर त्याहून मोठा. एप्रिल-मेमध्ये मोर पाणवठ्यावर हमखास येतात, तेव्हा दर्शन सोपे. परंतु दुष्काळी वर्षात वन्यजीवांसाठी पाणवठे टँकरने भरावे लागतात आणि आसपासच्या गावांचीही तहान टँकरवरच भागते. अशा वेळी तहानलेल्या पक्ष्याच्या एकमेव पाण्याभोवती मोटारी उभ्या करणे क्रूरपणाचे ठरेल. आणि आंघोळीला बादलीभर पाणी मागणारा पाहुणा गावालाही परवडणारा नाही. पावसाचाही भरवसा उरलेला नाही. सप्टेंबर २०२५मध्ये अतिवृष्टीने याच जिल्ह्यात शेते खरवडून निघाली, गावांना पुराने वेढले. ज्या भागाला एका वर्षी टँकर आणि दुसऱ्या वर्षी बचाव पथक लागते, तेथील पर्यटनाचा आराखडा लवचिकच असावा लागेल.

त्या दृष्टीने काही गोष्टी आधीच ठरवता येतील. अभयारण्यात रोज सोडावयाच्या वाहनांची संख्या कमी आणि निश्चित असावी. शक्य तेथे पायी फेरीला प्राधान्य असावे. स्थानिक मार्गदर्शकाशिवाय प्रवेश नसावा आणि हा मार्गदर्शक लगतच्या गावांतीलच असावा. दर्शनाची वेळ पहाट व सायंकाळ एवढीच असावी. म्हणजे दिवसाची शेतीची कामेही अडणार नाहीत. प्रवेशशुल्काचा ठरावीक हिस्सा ग्रामसमितीकडे जावा आणि त्यातून पहिला खर्च मोरांनी नासवलेल्या बियाण्याची भरपाई म्हणून व्हावा. व्याघ्रप्रकल्पांच्या बफर क्षेत्रातील गावांसाठी २०१५मध्ये सुरू झालेल्या जन-वन विकास योजनेमागील सूत्र हेच आहे: वन राखण्याची झळ ज्याला बसते, त्याला वनाच्या लाभात वाटा मिळावा. लहान अभयारण्यांभोवतीच्या गावांना तर या सूत्राची गरज अधिकच आहे. कारण तेथे वाघाच्या नावाने येणारा निधी नसतो.

पाहुण्याने काय पाहावे

शेवटी प्रश्न पर्यटकाच्या अपेक्षेचाही आहे. तिकीट काढले म्हणजे प्राणी दिसलाच पाहिजे, ही वाघाच्या जंगलात जडलेली सवय नायगावला उपयोगाची नाही. येथे पहाटेच्या धूसर प्रकाशात बाभळीच्या शेंड्यावरून खाली उतरणारा मोर दिसेल. कदाचित नाचेल, कदाचित पाठ फिरवून झुडपात दिसेनासा होईल. नशीब असेल तर दूरवर चिंकारा उभा दिसेल. परतताना पेरणी झालेल्या शेताच्या बांधावर राखणीला बसलेले माणूस दिसेल. डबा वाजवून तेही मोरांना हुसकावत असेल. पण दगड मात्र मारत नसेल. त्या माणसाने आजवर सोसलेल्या नुकसानीमुळे हे अभयारण्य टिकले आहे, हे ज्याला उमगेल त्याची सफारी सार्थकी लागली असे म्हणता येईल.

नायगावचा मोर गेली तीस वर्षे पर्यटकांवाचून राहिला. यापुढेही राहू शकेल. गरज आहे ती गावकऱ्याला. येणाऱ्या प्रत्येक मोटारीतून दोन पैसे त्याच्या घरी पोहोचणार असतील, तेही तो कोयता घेऊन निघण्यापूर्वीच्या चार महिन्यांत, तर मुंबईपासून बीडपर्यंतचा हा लांबचा रस्ता दोन्ही बाजूंच्या हिताचा ठरेल. तसे होणार नसेल, तर पर्यटकाने लोणावळ्यातच गर्दी करावी आणि बालाघाटचा माळ मोरांना व तेथील माणसांना मोकळा सोडावा, हेच बरे.